विहीणबाईंबरोबर कात्रपला

भारतात जायचं ते एकटीने, हे माझं पक्कं ठरलं होतं. माझ्या मुलीच्या, ओर्लीच्या लग्नाला चार महिने होते. हिरव्या बांगड्या, साड्या, मेंदी, मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवसाच्या ताटासाठी जाड पोहे असं सामान आणायचं होतं आणि धाकट्या भावाला, हनोकला, बदलापूरला जाऊन समक्ष आमंत्रण द्यायचं होतं. इस्राएलमध्ये आम्ही राहतो त्या दिमोनातल्या आपल्या बायकांनी प्रत्येकीने एकेक चिठ्ठी माझ्या हातात कोंबली होती. कुणाला कोकम, कुणाला शिकेकाई, आणि एकीला अंबरनाथच्या देवळाबाहेर मिळायची तशी मीठ लावलेली चिंच. पंचवीस वर्षं झाली तिला अंबरनाथ सोडून, पण चिंच विसरली नव्हती.

मग एका शुक्रवारी सकाळी विहीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "मी पण येते."

ह्या सोलिकाबाई. मूळच्या मोरोक्कोच्या, माराकेश शहरातल्या. दिमोनाच्या बाजारात त्यांचा भाजीचा गाळा आहे. कापडगिरणीतून सुटून घरी जाताना मी वीस वर्षं त्यांच्याकडून कांदे घेत होते आणि वीस वर्षं ते महाग आहेत म्हणून त्यांच्याशी भांडत होते. त्यांच्या मुलाने माझी मुलगी पसंत केली तेव्हा दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं. हिब्रूत अहो-जाहो नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्या मला 'तू' म्हणतात आणि मीही त्यांना. मराठीत लिहिताना मात्र विहिणीला अगं-तुगं करायला माझा हात धजत नाही.

येण्याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ शिमोन हे धर्माचे फार कडक. त्यांनी बहिणीच्या कानावर घातलं होतं, की हे हिंदुस्थानातले लोक आपल्याला यहुदी म्हणवतात खरे, पण नीट चौकशी झालेली बरी. सोलिकाबाईंचं म्हणणं, मी स्वतः घर बघून आले म्हटलं की शिमोनचं तोंड बंद होईल. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण मला ते लागलं. आम्ही नवीन आलो तेव्हा माझ्या दिराच्या लग्नाच्या वेळी एका कचेरीत आम्हाला पणजीचं माहेरचं नाव विचारलं होतं, आणि ते सांगितल्यावर तिच्या आईचं. रेवदंड्याच्या बाजूला आमच्या लोकांनी शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, शेजाऱ्यांनी आम्हाला शनिवार तेली म्हटलं, तिथे कुणी पुरावा मागितला नाही. तो मागितला आपल्याच माणसांनी. ओर्ली तर म्हणाली, कुणी दाखला मागितला तर आम्ही दोघं सायप्रसला जाऊन नुसतं नोंदणीचं लग्न लावून येऊ. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

आणि झोप न लागण्याचं दुसरंही कारण होतं. हनोकची बायको शांता. ती बौद्ध आहे.

हनोक अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता, तिथल्या त्याच्या मुकादमाची ही मुलगी. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बाबासाहेबांबरोबर धर्म घेतला होता. आमच्या आईने लग्नानंतर चार वर्षं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. पुढे हनोक सोडून आम्ही सगळे इस्राएलला आलो, आई यायला तयार झाली नाही, आणि शेवटची नऊ वर्षं ती शांताच्याच घरी राहिली. हे सगळं मला माहीत असून मी भावाला पत्र लिहिलं. तीन आठवडे भिंतीवरचे फोटो काढून ठेवा. विहीणबाईंपुढे शांताच्या माहेरचा विषय नको. शांताला म्हणावं, ओर्लीसाठी तेवढं कर.

उत्तर शांतानेच पाठवलं. पोस्टकार्डावर दोन ओळी. या, वाट बघतो, फोटो काढले आहेत.

कात्रप

विमानातलं आणि वाटेतलं काही सांगत नाही. सोलिकाबाईंनी स्वतःची भांडी, स्वतःचं मीठ आणि सार्डिनचे चोवीस डबे आणले होते, एवढं सांगितलं की पुरे.

बदलापूरला मी लहानपणी जांभळं आणायला जायची, तेव्हा स्टेशनपलीकडे भातखाचरं होती. आता कात्रपला चार-चार मजल्यांच्या इमारती, खाली झेरॉक्सचं दुकान, क्लास आणि पोळीभाजी केंद्र. हनोकचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे आपल्या पवित्र वचनांची डबी, चांगली पितळेची आणि घासूनपुसून चकचकीत. सोलिकाबाईंनी तिला बोटं लावून ती ओठांना लावली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. पहिली परीक्षा पास झाल्यासारखं मला वाटलं.

शांता पुढे आली. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच. नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवल्यामुळे तिच्या उभं राहण्यातच एक 'हजेरी घेऊ का' असा भाव आहे. तिने सोलिकाबाईंना वाकून नमस्कार केला. सोलिकाबाईंनी तिला धरून दोन्ही गालांचे चार मुके घेतले. शांताला आजपर्यंत असं कुणी केलेलं नसावं. ती तशीच ताठ उभी राहिली आणि मग पदराने गाल पुसले.

आत बसल्यावर सोलिकाबाईंची नजर भिंतीवर गेली. निळसर रंगाच्या भिंतीवर दोन चौकोन जास्त गडद होते, वर खिळे तसेच.

"इथे फोटो होते," त्या म्हणाल्या. "का काढले?"

मी म्हटलं, रंग काढायचा आहे. काय म्हणाल्या म्हणून हनोकने मला विचारलं. मी त्याला म्हटलं, घर छान आहे म्हणतात. मी दुभाषी होते. दोन्हीकडची भाषा आपल्या एकटीलाच येत असली की खोटं बोलणं इतकं सोपं जातं की खोटं बोलतोय असंही वाटत नाही.

जेवायला शांताने कोंबडीची सागुती केली होती. हनोक त्यासाठी ठाण्याला जाऊन आपल्या रीतीने कापलेली कोंबडी घेऊन आला होता. वाटीतला पांढरट रस्सा बघताच सोलिकाबाई खुर्ची मागे सारून उठल्या. मांसात दूध आपल्या धर्मात वर्ज्य. ह्यापुढे चौकशीची गरजच नाही असा त्यांचा चेहरा झाला. मी सांगत होते की ते नारळाचं दूध आहे, पण नारळ त्यांनी फक्त मिठाईवर भुरभुरवलेला पाहिलेला, त्यातून दूध निघतं हे त्यांना पटेना. नारळाला आचळं असतात का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा शांता आत गेली, नारळ आणला, त्यांच्यासमोर फोडला, विळीवर बसून खवला, मिक्सरमधून काढून फडक्यात पिळला आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली. सोलिकाबाईंनी वास घेतला, बोट बुडवलं, चाटलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि तीनदा वाढून घेतलं. सार्डिनचा एक डबाही त्या दिवसापासून उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराची झडती घेतली. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, मांसाच्या सुरीला लाल दोरा. हे सगळं आमच्या आईने शांताला शिकवलेलं. माझ्या दिमोनातल्या स्वयंपाकघरात मी दोरा बांधायचं कधीच सोडून दिलं होतं. सोलिकाबाई मला म्हणाल्या, ही तुझ्यापेक्षा कडक आहे. मी म्हटलं, हो. शांताला सांगितलं, भांडी आवडली म्हणतात.

अंबरनाथ

अंबरनाथला आम्ही तिघी गेलो. माझी शाळा, कारखान्याची जुनी क्वार्टर्स, आम्ही राहायचो ती खोली असं मी दाखवत होते. खोलीच्या जागी आता मोबिल ऑइलचं दुकान आहे. मला वाईट वाटायला हवं होतं, पण सोलिकाबाई तिथल्या बाईशी खुणांनी भावावरून वाद घालत होत्या. त्यांना ऑइल नको होतं. सवय.

देवळात त्या आत यायला तयार नव्हत्या, मूर्ती असते म्हणून. बाहेर ओढ्याकाठच्या दगडावर बसून त्यांनी ते काळं कोरीव काम बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे डोंगरात आमच्या संतांच्या कबरी आहेत, तिथेही बायका अशाच येतात, मूल होऊ दे म्हणून नवस करतात, मुसलमान बायकाही. पेरूवाल्याकडून पेरू घेतला. त्याने तिखटमीठ लावून दिला. त्यांनी चावा घेतला आणि आणखी तिखट मागितलं. त्याने भुरभुरवलं. आणखी. तेव्हा त्याने डबीच त्यांच्या हातात दिली आणि मला विचारलं, "ह्या कुठच्या? कोल्हापूरकडच्या का?" मी म्हटलं, त्याच्याही पुढच्या.

चिंच मात्र मिळाली नाही. चिंचेचं झाडच तोडलं होतं.

येताना एका अडचणीच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. सोलिकाबाईंनी विचारलं, शांताच्या आईवडिलांचं गाव कोणतं, तिच्याकडच्या बायका कुठे राहतात, मला भेटायचंय. मी म्हटलं, सगळे इस्राएलला गेले. कुठे? मी म्हटलं, हैफा. हैफाला आपलं कुणीच ओळखीचं नव्हतं म्हणून तेच नाव तोंडात आलं. सोलिकाबाई म्हणाल्या, मग परत गेल्यावर त्यांना बोलावू. रिक्षात मधे शांता बसली होती. 'हैफा' हा शब्द तिला कळला असावा, कारण आमच्या पत्रांवरून तिला तिथली गावं माहीत आहेत. ती रस्त्याकडे बघत राहिली.

रविवारची गोष्ट

शांताच्या घरी दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या बायका वंदनेला जमतात. तीन आठवडे नको, पाहुणे आहेत, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण कात्रपच्या बायकांनी त्याचा अर्थ असा घेतला की परदेशचे पाहुणे आलेत तेव्हा नेहमीपेक्षा जास्त संख्येने जायला हवं. सकाळी नऊला दार वाजलं. दारात चौदा बायका, सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्यांत, हातात मेणबत्त्या. त्यांतल्या वयाने मोठ्या गयाबाईंनी शांताला म्हटलं, "फोटो उतरवलेत ना तुमचे रंगासाठी, मग आम्ही विहारातले आणलेत." आणि भगवान बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा, असे दोन मोठे फोटो टीव्हीवर मांडले.

म्हणजे रंगाची थाप शांतानेही मारली होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

सोलिकाबाई वाटाणे सोलत होत्या. पांढऱ्या साड्या आणि मेणबत्त्या पाहून त्या उठल्या, हात धुतले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मला विचारलं, ह्या आपल्या बायका? माझ्या तोंडून 'हो' गेलं. मग फोटोंकडे बोट करून विचारलं, हे कोण? बुद्धांबद्दल मी म्हटलं, एक फार जुने संत. मोरोक्कोच्या लोकांच्या घरात संतांची चित्रं असतातच, त्यामुळे ते त्यांना लगेच पटलं. आणि हे चष्मेवाले, कोटातले? मी म्हटलं, शांताच्या घरातले सर्वांत मोठे.

"वकिलासारखे दिसतात."

"वकीलच होते," मी म्हटलं. त्या सकाळी मी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य.

बायकांनी मेणबत्त्या लावल्या, हात जोडले आणि म्हणायला सुरुवात केली. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. प्रत्येक वचनानंतर थोडं थांबतात, त्या थांब्यात सोलिकाबाईंनी खणखणीत आवाजात म्हटलं, "आमेन." बायका दचकल्या, पण थांबल्या नाहीत. दुसरं वचन. आमेन. तिसऱ्यापर्यंत त्यांना सवय झाली आणि त्या आमेनसाठी मुद्दाम थांबायला लागल्या. मला पाली येत नाही, पण लहानपणी शेजारी ऐकून ऐकून पंचशीलाचा अर्थ मला माहीत आहे. चौथं वचन खोटं न बोलण्याचं आहे. त्या वचनाला शांताने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. सोलिकाबाई म्हणाल्या, आमेन.

शेवटी बायका तीनदा "साधु, साधु, साधु" म्हणाल्या, सोलिकाबाईंनी तीनदा आमेन म्हटलं, आणि मग बोटं ओठांना लावून दोन्ही फोटोंच्या चौकटींना लावली. गयाबाईंना त्या फार आवडल्या. आमेन म्हणजे काय, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, असंच असो. "मग साधुच झालं की," त्या म्हणाल्या.

बायका खीर खाऊन गेल्यावर सोलिकाबाईंनी जाहीर केलं, की त्यांनी आजपर्यंत इतकी सुंदर प्रार्थना पाहिलेली नाही. आपल्या लोकांत असं काही आहे हे मी वीस वर्षं लपवून ठेवलं म्हणून त्या मला रागावल्या. आणि ठरवून टाकलं की लग्नाच्या वेळी दिमोनात हीच प्रार्थना व्हायची. शिमोनच्या समोर. बारा बायका, बारा मेणबत्त्या, बारा पांढऱ्या साड्या. साड्या त्यांच्याकडून. उद्याच घ्यायच्या.

शांताने विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, उद्या उल्हासनगरला जाऊ या म्हणतात.

उल्हासनगर

शांताच्या ओळखीचं कापडाचं दुकान कॅम्प पाचमध्ये होतं. मालक लछमनदास, सत्तरीचे, पांढरा लेंगा-सदरा. सोलिकाबाई गोऱ्या, डोक्याला रुमाल, हातात सोन्याच्या सात बांगड्या. त्यामुळे उल्हासनगरात जो तो त्यांच्याशी सिंधीत बोले आणि माझ्याशी हिंदीत, तेही मी त्यांची सामान धरायला आणलेली बाई असल्यासारखं. लछमनदासांनीही तेच केलं. त्यांनी पाच मिनिटं सिंधीत स्वागत केलं, सोलिकाबाईंनी पाच मिनिटं मोरोक्कोच्या अरबीत उत्तर दिलं, आणि दोघांचं फार जमलं. मग थंड पाणी आणि भाजलेले पापड आले. आल्या आल्या पाहुण्याला पापड देतात हे पाहून सोलिकाबाई खूश झाल्या.

मी हिरव्या साड्या बघत होते. त्यांनी मला हलवून सांगितलं, आधी पांढऱ्या सांग. मी सांगितलं. लछमनदासांनी विचारलं कशासाठी. शादी है, मी म्हटलं.

त्यांनी हातातला गज खाली ठेवला. "शादी में सफेद? बारा?" ते म्हणाले. "ना बहनजी. हरा लो, लाल लो. शादी के लिए सफेद मैं नहीं दूँगा. हमारे में सफेद कौन पहनती है, आप को मालूम है."

सोलिकाबाईंना वाटलं भाव करतायत. त्या पुढे सरसावल्या. मी त्यांना म्हटलं, नाही देत म्हणतात. का नाही देत? अशुभ मानतात म्हणून. मग ह्याला सांग की आपली प्रार्थनाच तशी आहे. मी लछमनदासांकडे वळले. शांता बाजूला स्टुलावर बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "ताई, ह्यांना पांढऱ्या साड्या कशाला हव्यात?"

तिला अजून काहीच माहीत नव्हतं. मी मराठीत सांगितलं. दिमोनात, लग्नात, तुमची वंदना, शिमोनसमोर. शांताने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आमची वंदना तुमची म्हणून करणार? आणि फोटो कुणाचे म्हणून मांडणार? हैफाच्या माझ्या नातेवाइकांचे?"

ती आवाज चढवून बोलली नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तिथेच, बारा पांढऱ्या साड्यांच्या थप्पीपुढे, हिब्रूत सगळं सांगून टाकलं. त्या बायका आपल्या नव्हेत. शांता यहुदी नाही, बौद्ध आहे. फोटो मी काढायला लावले. हैफाला कुणी नाही. लग्न मोडायचं असेल तर मला सांग, ओर्लीशी मी बोलेन. बोलता बोलता माझा आवाज फाटला. लछमनदासांनी आतल्या माणसाला आणखी पापड आणायला सांगितलं.

सोलिकाबाईंनी पापड घेतला. संपवला. मग म्हणाल्या, "मी आमेन कशाकशाला म्हटलं?"

मी सांगितलं. मारू नये, चोरी करू नये, परस्त्री-परपुरुष नको, खोटं बोलू नये, दारू पिऊ नये.

"दारूचं सोडून बाकी आपलंच आहे," त्या म्हणाल्या. ह्यापुढे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जो राग माझ्यावर निघायचा तो त्यांनी लछमनदासांवर काढला. पांढऱ्या साड्या परत ढकलल्या आणि हिरव्या, जांभळ्या, मोरपंखी अशा साड्यांचा भाव त्यांनी बोटांनी, भुवयांनी आणि दोनदा दुकानातून उठून जाऊन इतका खाली आणला की लछमनदास घामाघूम झाले. बिल झाल्यावर त्यांनी मला हात जोडले. "इनको सिंध में होना चाहिए था," ते म्हणाले. "हम को घर छोड़ना नहीं पड़ता."

पुन्हा कात्रप

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. माफी मागायची होती. शांता पीठ मळत होती. पाठमोरीच म्हणाली, "ताई, पत्रातलं बाकी काही लागलं नाही मला. 'तेवढं कर' एवढंच लागलं. तेवढं म्हणजे केवढं, ते तुम्ही मोजलं नाही."

मी म्हटलं, खरं आहे. दुसरं काय म्हणणार? कचेरीतल्या त्या टेबलासमोर उभं राहून आलेली मी, आणि तेच टेबल मी उचलून तिच्या घरात मांडलं होतं.

मग मी स्टुलावर चढले आणि फोटो लावायला घेतले. सोलिकाबाई खालून हिब्रूत डावीकडे म्हणत होत्या, शांता मराठीत उजवीकडे म्हणत होती, हनोक मधे उभा राहून दोघींना हो म्हणत होता. बाबासाहेबांचा फोटो सरळ व्हायला वीस मिनिटं लागली.

संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना सोलिकाबाईंनी मला शांताला विचारायला सांगितलं, की सासू कुठे गेली. आतल्या खोलीत, शांता म्हणाली, खिडकीपाशी. जवळ कोण होतं? मी. हे आणायला गेले होते डॉक्टरला. मग ठाण्याहून प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं आणली, सगळं तुमच्या रीतीने झालं. मी शब्दाला शब्द सांगितला. माझ्या आईच्या शेवटाबद्दल मीही इतकं कधी विचारलं नव्हतं.

सोलिकाबाईंनी खालच्या रिक्षांकडे पाहिलं.

"हे मला दिमोनात कळलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मी आलेच नसते. शिमोनचं ऐकलं असतं. तेव्हा तू खोटं बोललीस ते माझ्या दृष्टीने बरं झालं. हिच्या दृष्टीने वाईट. ते तू हिच्याशी मिटव." मग म्हणाल्या, "शिमोनला मी काही सांगणार नाही. म्हणजे आता मीही खोटी. झालो आपण व्याही."

मी हे शांताला सांगितलं, काही न गाळता. ती हसली नाही, पण रात्रीच्या जेवणात सोलिकाबाईंच्या पानात तिखट मुद्दाम जास्त घातलं, कारण त्यांना ते आवडतं.

दिमोना

लग्नाला हनोक आणि शांता दोघं आले. दोन दिवस आधी सोलिकाबाईंच्या अंगणात मेंदी होती. मेंदी आमची की त्यांची, ह्यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांत वाद झाला. त्यांच्यात हातावर मेंदीचा लाडूच थापतात, आपल्यात बोटं रंगवतात. शेवटी ओर्लीचा एक हात त्यांनी घेतला आणि एक आपण.

शांताने हिरव्या मसाल्यातले मासे केले होते. शिमोन पुढच्या टेबलाशी बसले होते आणि मासे त्यांना पसंत पडलेले दिसत होते. आपल्या आडनावांमागे गावांची नावं असतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शांता वाढायला आली तेव्हा त्यांनी माझ्यामार्फत तिला विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या?

मी सांगण्याआधीच शांताने उत्तर दिलं. हनोकने तिला विमानात प्रार्थनेतले चार हिब्रू शब्द शिकवले होते. 'अनी' म्हणजे मी.

"अनी बौद्ध," ती म्हणाली.

शिमोननी मान डोलावली. हे गाव समुद्राजवळ आहे का, त्यांनी मला विचारलं. सोलिकाबाई लगेच मधे पडल्या. "मोठं गाव आहे, शिमोन. जेव तू."

तिथेच संपलं असतं. कुणी खोटंही बोललं नव्हतं. पण शांता वाढायचा डाव हातात धरून माझ्याकडे बघत होती, काही न मागता. मी म्हटलं, गाव नव्हे. ती बौद्ध धर्माची आहे. माझी भावजय आहे, माझ्या आईला शेवटपर्यंत तिने सांभाळलं.

शिमोनचा हात ताटावर थांबला. सोलिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. पलीकडे ओर्लीच्या मैत्रिणी ढोलकी बडवत होत्या.

"हे मासे कुणी केले?" त्यांनी विचारलं.

"शांताने."

"पातेलं मी ठेवलं," सोलिकाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "सकाळी, माझ्या हाताने. गॅसला काडीही मी लावली. मला धर्मातलं काही कळत नाही असं तुला वाटतं का?"

आपल्या माणसाने पातेलं चुलीवर ठेवलं असेल तर दुसऱ्याने शिजवलेलं चालतं, असा नियम आहे. सोलिकाबाईंनी तो सकाळीच पाळून ठेवला होता, मला न सांगता.

शिमोननी दाढीला लागलेली कोथिंबीर काढून बाजूला ठेवली. मग मला विचारलं, "लग्न परवा आहे. हे तू मला आज का सांगितलंस?"

मी म्हटलं, "तिने विचारलेल्याचं खरं उत्तर दिलं. ते मी चुकीचं कसं पोचू देऊ?"

शिमोन हसले नाहीत. त्यांनी ताट उचलून शांतापुढे धरलं. शांताने त्यात दोन तुकडे घातले. तिसरा त्यांनी स्वतः घेतला.